भजन, ताशा आणि कोटा

मुलुंडच्या त्या स्विचच्या कारखान्यात स्क्रू हातानं पिळायचे दिवस संपले आणि हवेवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर आला, तेव्हा लाइनवरच्या बायका धास्तावल्या. काम झटपट होणार, म्हणजे रोजचा कोटा वाढणार. कोट्याच्या वर जेवढे स्विच, तेवढा इन्सेंटिव्ह. कोटाच आभाळाला टेकला तर इन्सेंटिव्ह कुठला?

तोड काढली वनमालानं, लाइनवरच्या सगळ्यांत थोरलीनं. या कोकणातल्या बायका गुणगुणल्याशिवाय काम करत नसत आणि जसं गाणं तसा हात चाले. नवा कोटा ठरवायला श्यामसुंदर साहेब स्टॉपवॉच घेऊन लाइनवरच्याच प्रेमाच्या मागे उभे राहणार होते.

"प्रेमा, तेव्हा भजन धर. एकदम रडकं," वनमालानं बजावलं.

प्रेमानं इमानेइतबारे भजन धरलं. हात मुंगीच्या पावलानं चालले. आणि नेमकी कारखान्यासमोरून कुणा मंडळाची गणपती आणायची मिरवणूक निघाली. ताशा कडाडला. आता मालवणात वाढलेल्या बाईचे हात ताशा ऐकून गप्प बसतात होय? भजन कुठल्या कुठे गेलं, स्विचचा ढीग पडला. ती भानावर आली तोवर साहेब घड्याळ खिशात टाकून चालते झाले होते.

"वाट लावलीस ना सगळ्यांची!" वनमाला तडकली.

जेवणाच्या सुट्टीत प्रेमाजवळ कुणी बसलं नाही. तिनं डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. वनमालाच्या नवऱ्याची गिरणी संपात बंद पडलेली, तिचं घर या इन्सेंटिव्हवरच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा कोटा लागला. वाढलेला, पण बेताचाच. नेहमीच्या हातानंही पहिल्याइतका इन्सेंटिव्ह सुटणार होता. बायका डोळे चोळून बघत राहिल्या. प्रेमा धीर करून साहेबांकडे गेली.

"साहेब, काल माझा हात जरा..."

"जरा?" साहेब हसले. "अहो, ताशा वाजत होता तेव्हा तुमचा वेग मी नेहमीच्या दीडपट धरला आणि भजनाच्या वेळी निम्मा. कोटा साध्या चालीवर ठरतो. नुसतं घड्याळच बघायचं असतं तर मी कशाला उभा राहिलो असतो?"

प्रेमाला हसावं की रडावं कळेना. शेवटी रडलीच, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखी.

वनमालानं सगळं ऐकलं होतं. तिनं आपलं स्टूल प्रेमाच्या शेजारी ओढलं.

"बस गं. आणि ते भजन नको हां आता," ती म्हणाली. "कालचा ताशा धर. आम्ही येतो मागोमाग."