तिसऱ्या प्रकरणातली उडी

रमलाच्या डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला आपण पाऊल टाकणार नाही, असं देवयानी टीचरनी नवऱ्याला महिनाभर आधीच ठणकावून सांगितलं होतं. आणि त्या दिवशी सकाळी सातलाच त्या जरीकाठी मुंडू नेसून, न्हालेल्या केसांच्या टोकाला गाठ मारून तांदळाच्या वाफवलेल्या पुट्टूच्या ताटापुढे बसल्या होत्या.

"आज देवळात काही उत्सव?" वारियरांनी विचारलं. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून बायकोला चिडवणं हीच त्यांची नोकरी होती.

"चणे घ्या आणखी."

"नाही, विद्यापीठाची बस देवळावरून जात नाही, म्हणून म्हटलं."

"अहो, गुमान खा बरं!"

वारियरांनी गुमान खाल्लं.

देवयानी टीचर मद्रासला एम.एस्सी.ला पहिल्या आल्या होत्या. एका मोठ्या संशोधन संस्थेचं बोलावणं आलं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली आणि भाऊ आखातात. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं करत त्या कोळिकोडच्या मुलींच्या कॉलेजात गणित शिकवत राहिल्या. चुलीवर भात शिजत असताना थोडं संशोधन केलं. दोन लेख छापून आले, ते बहुधा छापणाऱ्यानंच वाचले. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं, आणि रमला वर्गात आल्यावर तर मुळीच वाटेनासं झालं.

रमला म्हणजे मिठाई गल्लीतल्या हलवेवाल्या कोयाक्कांची मुलगी. पहिल्या वर्षाला असताना तिनं फळ्याकडे बघत बघत म्हटलं, "टीचर, यातल्या मधल्या दोन पायऱ्या नकोतच." टीचरनी तपासलं. खरंच नको होत्या. तेव्हापासून रमलाच्या संध्याकाळी टीचरच्या ओसरीवर जाऊ लागल्या. ईदचा पहिला हलवा टीचरच्या घरी यायचा. तिचे वडील कोयाक्का म्हणायचे, "पोरीची हाडं आमची, टीचर, डोकं तुमचं."

या पोरीसाठी म्हणून टीचरनी पंचेचाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरेट केली, विद्यापीठाकडे खेटे घालून मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळवली. आपली पहिली विद्यार्थिनी कोण, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. रमलाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

आणि रमला गेली लतिका मेननकडे.

लतिका विद्यापीठातली नवी प्राध्यापक, कॅनडाहून आलेली. कापलेले केस, स्वतः चालवायची मारुती, आणि कँटीनमध्ये विद्यार्थ्यांच्या घोळक्यात बसून केळ्याची भजी खात खदाखदा हसायची. तिचं काम चांगलं होतं, हेच तर दुखणं होतं. सुमार असती तर टीचरनी कीव करून सोडून दिलं असतं. "मॅडमचा विषय जरा वेगळा आहे, टीचर," एवढंच रमला म्हणाली. विषय काही वेगळाबिगळा नव्हता. मग रमला खडूचे तुकडे करून लिहायला लागली, लतिकेसारखी. बोलताना दर दोन वाक्यांनी "मॅडम म्हणतात" यायला लागलं. ईदचा हलवा दुपारनंतर यायला लागला. सकाळी तो कुठे जात असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. टीचरच्या पोटात जळायचं. वरून त्या म्हणायच्या, "मेनन हुशार आहे हो," आणि वारियर लगेच ताक पुढे करायचे.

प्रबंधाची प्रत रमला स्वतः घेऊन आली. वाकून पाया पडली. टीचरनी तो ओळ न् ओळ वाचला, पण कौतुकानं नव्हे. नव्या सुनेनं घासलेली भांडी सासू उजेडात धरून बघते, तसा वाचला. विषय होता ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या जाळ्यांचा. तिसऱ्या प्रकरणात मुख्य सिद्धान्त होता. जाळं एकसंध असेल तर सिद्धता खणखणीत होती. त्याचे दोन सुटे तुकडे असतील तर? तिथं लिहिलं होतं, "हेही उघडच आहे," आणि लेखिका टुणकन उडी मारून पुढे गेली होती.

टीचरच्या वर्गात 'उघडच आहे' म्हणायला बंदी होती. जी म्हणेल तिनं तिथंच उभं राहून ते सिद्ध करायचं, घंटा झाली तरी. आणि इथं छापील प्रबंधात! लतिकेच्या हाताखाली पोर बिघडली होती. टीचरना इतका आनंद झाला की त्यांनी वारियरांना न मागता दुसरा चहा दिला.

मग ती फट बुजवायला त्या स्वतः बसल्या. आठवडाभर झटल्या, पण त्यांना जमलं नाही. म्हणजे बाब साधी नव्हती. परीक्षेत हे निघालं तर प्रबंध परत जाऊ शकत होता. रमलाला बोलावून सांगता आलं असतं, चार घरं पलीकडे फोन होता. टीचरनी सांगितलं नाही.

विद्यापीठातल्या सभागृहात त्या तिसऱ्या रांगेत बसल्या. पहिल्या रांगेत लतिका, तिच्या शेजारी कडक इस्त्रीच्या शर्टातले कोयाक्का. रमला छान बोलली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन-तीन गुळमुळीत प्रश्न विचारले, मान डोलावली, आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "सभेतल्या कोणाला काही विचारायचं आहे?" या वाक्याला उत्तर द्यायचं नसतं. ते ऐकलं की लोक चपला चाचपतात आणि डाळवड्यांचा वास कुठून येतोय ते बघतात.

देवयानी टीचर उभ्या राहिल्या.

"तिसरं प्रकरण," त्या म्हणाल्या. "जाळ्याचे दोन तुकडे असले तर काय? तिथं 'उघडच आहे' असं लिहिलंय. मला उघड दिसलं नाही. वयानं असेल."

परीक्षकांनी पानं उलटली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. कोयाक्कांना गणित कळत नव्हतं, पण मुलीचा चेहरा कळत होता.

लतिका वळली. "टीचर, ते नेहमीच्या पद्धतीनंच होतं."

"करून दाखव ना मग."

लतिकेनं प्रबंधातलं ते पान काढलं, खालपर्यंत वाचलं आणि पुन्हा वरून वाचायला लागली. इतकं गोड टीचरना कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

"नाही मॅडम, नेहमीच्या पद्धतीनं नाही होत," रमला म्हणाली. तिनं खडू घेतला, तुकडा न करता. फळ्यावर ठिपक्यांचे दोन पुंजके काढले, मग दोन्हींच्या बाहेर एक जादा ठिपका ठेवला, आणि त्याच्या आधारानं पायरी पायरीनं उतरत शेवटच्या ओळीपर्यंत आली. एकही पायरी गाळली नाही. तो जादा ठिपका टीचरना आठवडाभरात सुचला नव्हता.

"हे प्रबंधात का नाही?" परीक्षकांनी विचारलं.

"तेव्हा जमलं नव्हतं, सर. मॅडम म्हणाल्या, लेख छापताना बघू, इथं कोणी विचारणार नाही." रमलानं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "पण टीचर येणार, हे मला माहीत होतं."

टाळ्या झाल्या. डॉक्टरेट जाहीर झाली. चहाच्या वेळी लतिका रमलाला बाजूला घेऊन म्हणाली, "मला का नाही दाखवलंस?" ती हसतच म्हणाली, पण टीचरनी तो आवाज ओळखला. तो त्यांनी इतकी वर्षं स्वतःच्या गळ्यात दाबून ठेवला होता. कोयाक्कांनी आणलेल्या हलव्याचा तुकडा त्यांनी सावकाश चघळला. आता जळ तू, त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली नाही.

थोड्या वेळानं रमला त्यांच्याजवळ आली. "टीचर, एक विचारू? मला उत्तर आलं नसतं, तरी तुम्ही विचारलं असतं?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"विचारलं असतं," टीचर म्हणाल्या.

"वाटलंच होतं." रमलाच्या बोलण्यात राग नव्हता. "म्हणूनच मी मॅडमकडे गेले."

"म्हणजे?"

"तुमच्यापुढे मला चुकता यायचं नाही, टीचर. घरी चारचारदा तपासायचे, तेव्हा कुठे तुमच्या ओसरीवर तोंड उघडायचे. मॅडमच्या खोलीत मी रोज चुकते, वाट्टेल ते बोलते. त्याही बोलतात. त्यातलं एखादं खरं निघतं, बाकी आम्ही पुसून टाकतो. हा सगळा प्रबंध तसाच झालाय. तपासायला मात्र तुम्हीच हव्या होतात."

दाराशी लतिका दोन पेले हातात धरून उभी होती, एक रमलासाठी.

"जा," टीचर म्हणाल्या. "तुझ्या मॅडमचा चहा निवतोय."

रमला गेली. दोघी काहीतरी बोलल्या, लतिका खदाखदा हसली, आणि रमलाही तशीच हसली, तोंडावर हात न ठेवता. ओसरीवर ती इतकी वर्षं आली, पण असं हसलेली टीचरना आठवेना.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. लतिकेनं आपली पोर पळवली, असं त्या आजवर समजत होत्या. आणि पोर तर आपल्या पायांनी पळाली होती, त्यांच्यापासूनच.