आयोगाचे लंगडे टेबल

मी एक जुने, घडीचे आणि किंचित लंगडे टेबल आहे. मित्रांनो, माझी पाठ बर्चच्या फळीची, पाय लोखंडी. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, एका सुतारखान्यात, एकाच आठवड्यात आम्ही चाळीस भावंडे जन्मलो. बाकीची लग्नाच्या जेवणावळींना गेली. माझ्या नशिबी आयोग आला.

आयोगाची जन्मकथा माझ्यापेक्षा मजेदार आहे. सरकारने इथल्या मूळ लोकांशी करार केले, जमिनी राखून दिल्या आणि मग त्यांतल्याच काही हळूच काढून घेतल्या. लोकांनी तक्रार केली की तपासायला सरकारच बसे आणि ‘आम्ही तपासले, आमचे काही चुकले नाही’ असे गोड उत्तर पाठवी. अशी कित्येक वर्षे गेली. शेवटी लोक रस्ते अडवून बसले, तेव्हा कुठे सरकारपासून वेगळा असा हा आयोग नेमला गेला. त्याने नाकारलेले दावे पुन्हा तपासायचे आणि शिफारस करायची. ती मानायची की नाही, ही सरकारची मर्जी. थोडक्यात, आयोगाचे माझ्यासारखेच होते. पाय होते, दात नव्हते.

पहिल्याच गावात आम्ही घोटाळा केला. मला उंच व्यासपीठावर मांडले, शपथेचे पुस्तक ठेवले. म्हातारी माणसे आली, आमच्याकडे पाहिले आणि सरळ घरी जेवायला गेली. संध्याकाळपर्यंत खोलीत आयोग आणि मी! त्यानंतर आम्ही शिकलो. टेबल जमिनीवर, खुर्च्या गोलात. आधी वडीलधाऱ्यांच्या हाती मानाची तंबाखू, मग सर्वांचे जेवण, मग बोलणे. शपथ नाही, उलटतपासणी नाही. हे जमले आणि माझ्या पाठीवर चहाचे डाग वाढू लागले. ज्या गावी डाग जास्त, त्या गावी माणसे जास्त मोकळी बोलली, असा माझा हिशेब आहे.

सर्वांत जास्त डाग रेडविलोचे. हे क्री नावाच्या मूळ लोकांचे गाव. नदीकाठचे त्यांचे मोठे कुरण नव्वद वर्षांपूर्वी गेले होते. सरकारी कागद म्हणत होता की गावाने ते राजीखुशीने सोडले. गाव म्हणत होते की अशी सभा झालीच नाही.

बोलायला आल्या माहेरचेच नाव लावणाऱ्या फिलोमीन नापेसिस, वय त्र्याऐंशी. सारे गाव त्यांना कोहकुम, म्हणजे आजी म्हणे. त्यांनी आधी आयोगाच्या अध्यक्ष थॉर्नबर्गबाईंनाच विचारले, “पोरी, तुला पगार कोण देतं?”

“सरकार.”

“कुरण कुणी नेलं?”

“तेच तपासायचंय, कोहकुम.”

“आणि तू सरकारची नाहीस?”

“नाही.”

“बरं. चेहरा तर खरं बोलणारीचा दिसतोय. बघू. त्या कुरणात बसून चहा प्यायल्याशिवाय मी काही मरणार नाही.”

मागून त्यांचे दीर मोईझ ओरडले, “मग सरकारने उत्तरच देऊ नये! आमची वहिनी अमर होईल!” दीर-भावजयीने एकमेकांची खेचायची, ही तिथली रीतच होती.

सरकारी वकील देरोशे यांनी जुना कागद वाचला. सभा विधवा मार्गरीतच्या एका खोलीच्या घरात झाली. तिथे गावप्रमुख नापेसिसने कागदात काय आहे ते इंग्रजी जाणणाऱ्या आपल्या सासूला, म्हणजे मार्गरीतलाच विचारले. तिने समोर बसून समजावले. मग त्याने सहीऐवजी फुली मारली.

कोहकुम हसू लागल्या. हसता हसता माझ्यावर हात आपटला. एक कप लवंडला.

“माझे आजोबा? सासूशी बोलले? एका खोलीत बसून?”

मित्रांनो, त्या काळच्या क्री घरांत जावयाने सासूशी बोलायचे नसे, समोर बसायचे नसे. न बोलणे हाच तिचा मान.

“ती दारातून आली की हे खिडकीतून बाहेर,” कोहकुम म्हणाल्या. “सरपण संपलं की ती कुत्र्याला सांगायची, ‘कुत्र्या, सरपण संपलं रे.’ आजोबा ऐकून फोडायला जायचे. कुत्रा मेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.”

“तरी फरक काही पडला नाही!” मोईझ म्हणाले.

“तू गप्प बैस, टकल्या.”

उलटतपासणी नव्हती, म्हणून देरोशेंनी अध्यक्षांमार्फत अदबीने विचारले, इतक्या महत्त्वाच्या दिवशी एखादा अपवाद केला असेल का?

कोहकुमने डोळे पुसले. “एकदा घराला आग लागली. आजोबा आत, सासूबाई नेमक्या दारात. आजोबा आतून ओरडले, ‘कुत्र्या, कुणाच्या तरी आईला सांग दारातून सरकायला, मी भाजतोय!’” सगळी खोली हसली, देरोशेही हसले. मग त्या एकदम शांतपणे म्हणाल्या, “आग लागली तेव्हाही जो माणूस सासूशी बोलला नाही, तो कुरण देऊन टाकायला बोलेल होय?”

लवंडलेला चहा माझ्या कडेवरून टपटपत होता.

आयोगाने मग ती सभा घेतल्याचे लिहिणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या प्रवासाच्या नोंदी काढल्या. त्या दिवशी तो रेडविलोत नव्हताच. अहवालात स्पष्ट लिहिले गेले, सभा झाली नाही, कुरण परत द्यावे. सरकारने विचार करायला सहा वर्षे घेतली. दर हिवाळ्यात मोईझ विचारत, “वहिनी, अजून आहेस ना?” आणि कोहकुम म्हणत, “चहा राहिलाय.” सातव्या उन्हाळ्यात होकार आला. कुरणात चहा झाला. कोहकुमने दोन कप घेतले आणि तिसरा मागितला.

पुढे आयोगच गुंडाळला गेला. सामान वाटताना मी रेडविलोच्या वाट्याला आलो. उतरवताना माझा एक पाय वाकला. ट्रकवाल्याने खोक्यातून हाताला आला तो जाड ग्रंथ काढून पायाखाली सारला. काठी टेकत आलेल्या शहाण्णव वर्षांच्या कोहकुमने खाली वाकून नाव वाचले. तो रेडविलोचाच अहवाल होता.

“काढ ते,” त्या म्हणाल्या. “माझे आजोबा आहेत त्यात.”

मोईझने कुरणातल्या विलोच्या झाडाची पाचर तासून माझ्या पायाखाली ठोकली आणि चष्मा लावून आगीचे पान मोठ्याने वाचले. तिथल्या हशाने मी आजही डुगडुगतो.

म्हणून, मित्रांनो, एवढेच मागणे. आमच्यासारख्या लंगड्या टेबलांना लाकडाची पाचर द्या, जाड कागद नको. कागद उघडून वाचा. आत कुणाचे तरी आजोबा असतात, आणि ते कुत्र्यामार्फत का होईना, काहीतरी सांगत असतात.