फळीवर ऐकणारा नातू

नादगिरी महाराजांनी ढोलावर टिपरू हाणलं आणि माझ्या नातवानं झटकन मान वळवली. तासगावच्या त्या मांडवातली तीनेकशे माणसं उठून उभी राहिली. सगळ्यात मोठा जयजयकार माझा होता. मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढं लाजायला सोपं जाईल.

यशराज अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाकेला बघत नव्हता. आमच्या गावच्या अंगणवाडीची सेविका क्रांती दोनदा घरी येऊन सांगून गेली, की पोराचे कान तपासून घ्या. आमच्या घराण्यात पोरं उशिराच बोलतात, असं सांगून मी तिला चहा पाजून वाटेला लावलं. आणि नातवाला घेऊन महाराजांकडं गेलो.

महाराजांची अट एकच. बाळाला लाकडी चौथऱ्यावर अनवाणी उभं करायचं; देवाच्या फळीला पाय टेकल्याशिवाय कान उघडत नाही. अकरा गुरुवार यायचं, आणि तोवर डॉक्टरची पायरी चढायची नाही, नाहीतर उघडलेला कान पुन्हा मिटतो. त्या पहिल्या गुरुवारी मी माईक हातात घेऊन नादब्रह्मावर दहा मिनिटं बोललो. लोकांना काही कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं.

सातव्या गुरुवारी सून संयोगितानं क्रांतीला सोबत घेतलं. पोरगं घरी अजूनही हाकेला बघत नाही, हे तिनं मला नाही, क्रांतीला सांगितलं होतं. बरोबरच होतं, मी ऐकलं नसतं.

ढोल वाजायच्या आत क्रांतीनं यशराजला उचललं आणि दहा पावलं लांब, मातीत जाऊन उभी राहिली. पोरगं कडेवर, ढोलाकडं पाठ.

"आता वाजवा, महाराज."

फळी सोडली की देव सोडतो, असं महाराज सांगू लागले. पण पुढं बसलेली म्हातारी बनुबाई म्हणाली, देव काय फळीला बांधलाय व्हय? मग वाजवावंच लागलं. ढोल दणाणला. यशराज क्रांतीच्या गळ्यातले मणी मोजल्यासारखे चाचपत राहिला.

तिनं त्याला परत चौथऱ्यावर उभं केलं, मागं जाऊन फळीवर फक्त मूठ आपटली. पोरगं वळलं.

"गुरुजी, त्येला ऐकू येत न्हाई," क्रांती हळू म्हणाली. "ढोल वाजला की फळी थरथरतीया, ती त्येच्या पायाला कळतीया. आवाज म्हंजे कंपन, हे तुमीच शिकवलं की आमाला."

मी मांडवात बसलेलो, आणि मला कुठं बघावं कळेना.

सोमवारी आम्ही सांगलीला गेलो. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाल्या, बोलणं शिकायची खरी वर्षं हीच असतात. थोडं आधी आणायला हवं होतं. किती आधी, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आता यशराजच्या कानाला यंत्र आहे. पहिले आठ दिवस त्यानं ते काढून शेळीपुढं टाकलं. परवा संयोगितानं मागून हाक मारली, तर मान वळवून हसला. शब्द अजून दोनच आहेत, त्यातला एकही आजोबा नाही.

ग्रामसभेत क्रांतीनं मागणी केली, की अंगणवाडीतल्या प्रत्येक पोराचे कान-डोळे वर्षातनं दोनदा तपासले जावेत, आणि तपासणीचं सरकारी पथक आलं नाही तर गावानं जाब विचारावा. ठराव झाला. अनुमोदन माझं.

तुमचं लेकरू हाकेला बघत नसेल, तर नवस बोलू नका, वाटही बघू नका. सेविकेला विचारा, दवाखान्यात न्या. घरातला शहाणा म्हातारा काय म्हणतो, ते नंतर ऐका.