सिस्टरबाईंची उमेदवारी

सिस्टरबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि चर्चमधल्या निम्म्या मंडळींनी नाकं मुरडली. राजकारण म्हणजे चिखल, असं त्यांचं मत. "कुणी उतरलंच नाही, तर तो उपसायचा कुणी?" असं विचारून बाईंनी अर्ज भरला. व्यसनमुक्ती केंद्रात नर्स म्हणून जन्मभर लोकांच्या ओकाऱ्या पुसलेली बाई, ती चिखलाला काय भिणार!

समोर होता ठेकेदार. त्याचं एकच तुणतुणं: केंद्र बंद करा, व्यसनी लोकांना गावाबाहेर हाकला. लोक टाळ्या पिटत. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा मुलगा गेल्या हिवाळ्यात त्याच केंद्रात थरथरत पडून होता. बापाने मात्र तो मामाकडे गेल्याचं उठवलं होतं. बाईंचा धाकटा दीर केंद्रातच स्वयंपाकी, त्यामुळे त्यालाही हे ठाऊक होतं.

"वहिनी, सभेत एवढंच सांगा. त्याचा फुगा फटकन फुटेल."

"भाऊजी, त्या लेकराची अब्रू वेशीवर टांगून मला खुर्ची नको."

"मग हराल!"

"हरेन. त्यात काय एवढं?"

दीर फणफणत निघून गेला.

सभेत ठेकेदार आधी बोलला. तुणतुणं तेच, पण नजर सारखी बाईंकडे. मग बाई उठल्या. "येशूने कुष्ठरोग्याला हाकललं नाही, जवळ जाऊन हात लावला," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी त्याची माणूस आहे. मला मत द्या, नका देऊ, पण केंद्र बंद करू नका. तिथे येतं ते कुणाचं तरी लेकरूच असतं." एवढं बोलून त्या बसल्या. टाळ्या फारशा पडल्या नाहीत, पण बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सभा संपल्यावर ठेकेदाराने त्यांना मंचाच्या पायरीशी गाठलं.

"सिस्टर, तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"एकाला सांगते. रोज, पोराचं नाव घेऊन."

त्याचा चेहरा पडला. "कुणाला?"

"देवाला."

मान खाली घालून ठेकेदार कसाबसा म्हणाला, "पुन्हा सुरू केलंय पोराने. काल दारातच पडला होता. मतदान झालं की आणतो."

"पोर थांबेल का मतदानापर्यंत? आत्ता आणायचं. चला, मी येते बरोबर."

लोक अजून पांगले नव्हते, सगळे बघत होते. ठेकेदाराने एकदा लोकांकडे पाहिलं आणि तो बाईंच्या मागोमाग चालू लागला.