अंजनवेलचं पाणी

गुहागर डेपोची गाडी वाटेत विनाकारण थांबली, तर जुने प्रवासी खिडकीतून डोकं बाहेर काढायचीसुद्धा तसदी घेत नसत. "हीर दिसली असंल आप्पाला," म्हणायचे आणि पुन्हा डुलक्या काढायला लागायचे. आप्पा म्हणजे परशुराम कंडक्टर. माणूस देवमाणूस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, पण पाण्याचा नाद असा की ड्रायव्हरनं कपाळाला हात लावावा. खांद्याच्या चामडी बॅगेत तिकिटांशेजारी एक पितळी फुलपात्र असायचं. नवी विहीर दिसली की एक घंटी द्यायची, उतरायचं, पाणी शेंदणाऱ्या बाईकडून पात्रभर पाणी मागून घ्यायचं आणि डोळे मिटून ते तोंडात घोळवत उभं राहायचं. मग दोन घंट्या, आणि गाडी चालू.

घोळवलेल्या प्रत्येक विहिरीची चव वहीत लिहिलेली असे. 'पालशेत, शाळेमागची. हलकं, गोड.' 'वेळणेश्वर, उतारावरची. आधी गोड, मागाहून जांभ्याचा तुरटपणा.' एका बड्या बागायतदाराच्या विहिरीपुढे 'मचूळ, पाहुण्याला देऊ नये' असं लिहिलं होतं. ते त्याच्या कानावर गेलं आणि पुढची दोन वर्षं तो बागायतदार आप्पांच्या गाडीत चढला नाही.

मालनला बघायला गेले तेव्हाही आप्पा पोहे यायच्या आधी परड्यातल्या विहिरीवर जाऊन आले आणि म्हणाले, "आमची पसंती हाय." मालन तोवर माजघरातून बाहेरसुद्धा आली नव्हती. हा अपमान ती चाळीस वर्षं येईल त्याला रंगवून सांगत आली.

राजश्री ही त्यांची एकुलती एक लेक. मे महिन्याच्या सुट्टीत आप्पा तिला वस्तीच्या गाडीनं अंजनवेलला घेऊन जायचे. सकाळी गाडी परतीला निघायच्या आधी दोघं विहिरीवर जायची. दर्या शंभर पावलांवर आणि विहीर मात्र साखरेसारखी गोड, हे आप्पांना काही केल्या उलगडत नसे, आणि उलगडू नये अशीच त्यांची इच्छा होती. ते आदल्या रात्री कांदा खात नसत. सकाळी चहाच्या आधी चूळ भरून, विहिरीला नमस्कार करून पहिला घोट घेत. तो घोट घेताना त्यांचा चेहरा असा काही खुले की लहानग्या राजश्रीला वाटायचं, आपल्या बापाला जे कळतं ते जगात कुणालाच कळत नाही. आणि ते खरंच होतं.

त्या आप्पांना श्रावणात झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि गिळायचं कसं हे घसा साफ विसरला. राजश्रीनं त्यांना रत्नागिरीला, नाचणे भागातल्या आपल्या घरी आणलं. नवरा बोटीवर, ती प्राथमिक शाळेत मास्तरीण. घरात ती, आई आणि खाटेवर आप्पा. नाकातून पोटात एक नळी घातलेली. पेज, दूध, पाणी, औषध, सगळं सिरिंजनं त्या नळीतून.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "तोंडावाटे पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. पोटात न जाता छातीत जाईल, आणि या वयात ते जिवावर बेतेल. दीड महिन्यानं गिळण्याची तपासणी करू. जमलं तर चमच्या-चमच्यानं सुरू करता येईल."

राजश्रीनं कॅलेंडरवर अठरा तारखेला लाल गोल केला. पोरांना शिस्त लावता लावता तिचा नियमांवर देवासारखा विश्वास बसला होता. नियम पाळला की आप्पा पुन्हा पाणी पितील, एवढंच तिला कळत होतं. त्यांचं तोंड ती ओल्या बोळ्यानं पुसायची, आणि तो बोळाही आधी घट्ट पिळून घ्यायची. आप्पा त्या बोळ्यालाच ओठांनी धरू बघायचे. मग ती तो हळूच ओढून घ्यायची.

मालनला हे बघवेना. "चमचाभर दे गो बाय. एवढ्याशानं काय हुनार हाय?"

"आई, छातीत जाईल. मग काय करशील?"

"मंग ऱ्हाऊदे त्यांना कोरड्या तोंडानं क्यालेंडर बघत," म्हणून म्हातारी आत निघून गेली.

तारखेला दहाएक दिवस असताना, एका शनिवारी आप्पा काहीतरी पुटपुटायला लागले. राजश्रीनं कान जवळ नेला. तीनदा ऐकल्यावर तिला शब्द लागला. अंजनवेल.

इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. तिला एवढा आनंद झाला की रविवारी उजाडताच तिनं स्कूटर काढली. जयगडहून फेरीबोटीनं तवसाळ, तिथून गुहागर, पुढे अंजनवेल. विहिरीवर आता लोखंडी जाळी होती, आत पंप होता. पण विहिरीलगतच्या घरातल्या बाईनं आप्पांचं नाव ऐकल्याबरोबर जाळीचं झाकण उघडलं आणि कळशी सोडली.

"वस्तीच्या गाडीवाले आप्पा? हायत अजून? हिरीला नमस्कार केल्याबिगर प्यायचे नायत. माज्या सासूला तर वाटायचं, हा कोन साधू कंडक्टर झालाय."

राजश्री उभ्या उभ्या दोन पेले प्यायली. पाणी तसंच होतं, अगदी तसंच. तिनं बाटली भरली, पिशवीत नीट उभी ठेवली. पाणी आणलं खरं, पण द्यायचं कसं, हा विचार तिच्या डोक्यात परतीच्या फेरीबोटीत आला. मग खाडी संपेपर्यंत ती त्या बाटलीकडे बघत राहिली.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. बाटली दिसताच आप्पांनी ओळखलं. डावा हात उचलून त्यांनी नमस्कारासारखा कपाळाला लावला आणि तोंड उघडलं. घरट्यातलं पिल्लू उघडतं तसं, पूर्ण भरवशानं.

मालन दारात उभी होती.

राजश्रीच्या हातात चमचा होता. तिनं तो भरलासुद्धा. मग तिला कॅलेंडरवरचा लाल गोल दिसला. आठ दिवस. फक्त आठ दिवस राहिलेत, आणि आपण आता घाई करून सगळ्यावर पाणी ओतायचं? तिनं चमचा पेल्यात रिकामा केला, सिरिंज घेतली, नळीचं बूच काढलं.

"आप्पा, हे अंजनवेलचं पाणी चाललंय हो. त्याच विहिरीचं. मी स्वतः आणलंय," ती म्हणाली आणि सिरिंज भरभरून पाणी नळीत सोडत राहिली. अख्खी बाटली तिनं दोन तासांत, थोडी थोडी करून, त्यांच्या पोटात पोचवली. जिभेला त्यातला थेंब लागला नाही.

आप्पा बराच वेळ तोंड उघडून होते. मग त्यांनी ते मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली. त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. ते कशाचं, हे राजश्रीला कळलं होतं, पण तिनं स्वतःला सांगितलं की ते आनंदाचं आहे.

त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. पंधरा तारखेला ताप चढला आणि छाती घरघरायला लागली. सतरा तारखेला पहाटे हॉस्पिटलात आप्पा गेले. डॉक्टर भले गृहस्थ होते. राजश्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही काहीच चुकला नाहीत. माणसाची स्वतःची लाळसुद्धा छातीत जाते अशा वेळी. ते कुणाच्या हातात नसतं."

त्यांना वाटलं, आपण धीर देतोय. राजश्रीला त्यातून ऐकू आलं ते वेगळंच. म्हणजे व्हायचं ते होणारच होतं. चमचा दिला असता तरी, आणि नाही दिला तरी.

दुपारपर्यंत आप्पांना गावी नेलं. नाकातली नळी काढलेली होती आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा पुन्हा ओळखीचा दिसत होता. अंगण माणसांनी भरलं. जुने ड्रायव्हर आले, प्रवासी आले, तो मचूळ विहिरीचा बागायतदारही काठी टेकत आला. आप्पांचे धाकटे भाऊ गंगारामकाका रीतभात बघत होते. आंघोळ घालून झाली. कुणीतरी आतून पाण्याचा तांब्या भरून आणला, त्यात तुळशीचं पान टाकलं, पळी ठेवली.

"चला, पानी घाला एकेकान," काका म्हणाले.

मालननं घातलं. पुतण्यांनी घातलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घातलं. ज्याच्याशी आप्पांची दोन शब्दांची ओळख होती, त्यानंही वाकून पळीभर पाणी त्यांच्या तोंडात सोडलं. कुणीही कुणाला अडवलं नाही. तोंड भरलं, ओठांच्या कडेनं पाणी ओघळून मानेखाली गेलं.

राजश्रीची पाळी आली तेव्हा ती जागची हलेना. काका जवळ आले. त्यांनी पळी भरून तिच्या हातात दिली.

"घाल बाय. आता कसली भीती?"

तिनं पाणी घातलं. ते लगेच बाहेर आलं. तिनं पदरानं हनुवटी पुसली, पळी बुडवली आणि पुन्हा घातलं. मग तिसऱ्यांदा. मागची माणसं खोळंबली. कुणीतरी हळूच म्हणालं, "एकदाच घालायचं असतं गो." तिला ते ऐकू आलं, पण तिचा हात थांबेना. ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणत होती, "प्या आप्पा, प्या ना. आता देते ना मी."

काकांनी शेवटी तिचा हात धरला आणि पळी काढून घेतली, तेव्हा तांब्यात तुळशीचं पान तेवढं उरलं होतं.