काळजाचा फेस

खापरच्या बाजारात त्या दिवशी मीठ, मिरची, बांगड्या सगळं पालांवर तसंच पडून होतं. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही धारगीर महाराजांभोवती गोळा झाले होते. सुरतेकडून आलेले हे महाराज डाकीण ओळखत. रीत सोपी होती. बाईच्या तळहातावर हळदीत माखलेला बकऱ्याच्या काळजाचा तुकडा ठेवायचा आणि वर बाटलीतलं नर्मदामाईचं पाणी ओतायचं. बाई चोख असली तर पाणी मुकाट ओघळून जाई. डाकीण असली तर काळीज खदखदून फेस काढी.

"डाकीण काळीज खाते, म्हणून तिच्या हातावर काळीज घाबरतं," महाराज समजावीत. बकरं सकाळीच मेलेलं होतं. त्याला आता कशाची भीती, हे कुणी विचारलं नाही.

डोंगरातल्या एका पाड्याचा कारभारी गुलाबसिंग याचा मुलगा तापाने गेला होता; डाकिणीने खाल्ला, असं पाड्यात बोललं जात होतं. पाड्यातल्या बायका एकेक करून पुढे झाल्या आणि पाणी ओघळत गेलं. मग आली भुरीबाई. नवरा नाही, भाऊ नाही. असं माणूस पाड्यात कोण आहे, याची चौकशी महाराजांनी आल्या आल्याच केली होती.

पाणी पडलं आणि तिच्या हातावर पांढरा फेस उसळला.

लोक मागे सरले. भुरीबाई तळहाताकडे बघत राहिली. गेल्या पावसाळ्यात त्या पोराला तिने मांडीवर घेतलं होतं. आपल्याला नकळत आपल्या हातून काही झालं असेल का? हा विचार मनात आला तेव्हा तिला दोरखंड घेऊन येणाऱ्या माणसांपेक्षा स्वतःचंच जास्त भय वाटलं.

देवी टोचायला आलेले नंदुरबारचे डॉक्टर देसले गर्दीतून पुढे आले. त्यांनी आधी महाराजांचे हात पाहिले.

"महाराज, बोटं कशाघाई पांढरी व्हयनात?"

"तपाने."

"मन्हा कंपाउंडरनी बी व्हतीस. तो तप करत नही, जखमा धुवस."

भुरीबाई मध्येच बोलली. "डॉक्टर, माले खरं सांगा. मी शे का डाकीण?"

"आपण काळजालेच इचारू," डॉक्टर म्हणाले.

तिच्या हातावरच्या तुकड्याचे त्यांनी दोन भाग केले. एक चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात चांगला शिजवला आणि थंड करून परत तिच्याच हातावर ठेवला. महाराजांच्या हातातली बाटली घेऊन तेच पाणी ओतलं. काही झालं नाही. मग उरलेला कच्चा भाग त्यांनी गुलाबसिंगच्या हातावर ठेवला. पाणी पडताच फेस त्याच्या मनगटापर्यंत आला.

"आता कारभारी डाकीण का?"

महाराजांनी बाटली मागितली. ती डॉक्टरांनी दिली नाही.

बाटलीत जखमा धुण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: आपल्या शरीराच्या कणाकणात हे जहाल पाणी रोज थोडंथोडं तयार होतं आणि ते मोडून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइमही, तिथेच असतं. काळजात, म्हणजे यकृतात, सगळ्यात जास्त. ते या जहाल पाण्याचं साधं पाणी करतं, वायू सुटतो, फेस येतो. अशी विकरं हजारो, प्रत्येकाचं काम वेगळं. भाकर खूप वेळ चावली की गोड लागते, तेही एका विकराचंच काम. शरीर त्यांना गरजेपुरतं राबवतं आणि पुरे झालं की आवरतं. पण उकळलं की विकर मोडतं, मग फेस नाही. महाराज चोख बायकांना शिजवलेलं काळीज देत आणि एकटीला कच्चं. हळद फासली की रंगातला फरक दिसत नाही.

"मंग मन्हा पोऱ्याले कोनी खादं?" गुलाबसिंगने विचारलं.

"हिवतापनी. पाड्यामा आखो कोणले ताप शे?"

गुलाबसिंगने आपल्या बैलगाडीकडे पाहिलं. "मन्ही पोरले," तो म्हणाला.

पोर गाडीत घोंगडीखाली कुडकुडत होती. भुरीबाईने फेसाचे हात लुगड्याला पुसले आणि पुढे केले. गुलाबसिंगने एकदा त्या हातांकडे पाहिलं. मग पोर उचलून त्यांवर ठेवली.

डॉक्टरांनी दिलेलं हिवतापाचं औषध, क्विनाईन, कडू होतं, पोरीने दोनदा थुंकलं. भुरीबाईने तिसऱ्यांदा पाजलं.

चमत्कार दिसला की हात जोडायला हरकत नाही. पण कुणाच्या गळ्यात दोर घालण्याआधी एवढं तरी विचारावं, की हेच दुसऱ्याच्या हातावर होतं का?