ह्यांची टाळी

आमच्या ह्यांना एक वाईट खोड आहे. स्वतःची टाळी माझ्या हातात देतात. म्हणजे खरोखरच देतात. हे कुठंही, कुणालाही त्या टाळीचा किस्सा सांगायला लागले, की मी जिथं असेन तिथं माझे दोन्ही हात वर उठतात आणि टाळी वाजवतात. एकच, पण मोठी. मग हात खाली येतात आणि पुन्हा माझे होतात.

ह्यांचं नाव दिगंबर थोपटे. खडकीचे. कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. माणूस तसा निर्व्यसनी, पण नाद इंग्रजी गाण्यांचा, आणि त्यातही असल्या गाण्यांचा, जी एकदा सुरू झाली की संपायचं नाव घेत नाहीत. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. मी चौथीतून शाळा सोडली, तरी हे दोन शब्द मला माझ्या माहेरच्या नावाइतके पाठ आहेत. गाणं लागलं की मी भात चढवायची. भात शिजायचा, जेवणं व्हायची, भांडी घासून पालथी पडायची, आणि तो गाणारा तेव्हा कुठं तोंड उघडायचा.

ह्यांचा लाडका बँड टिन कॅथीड्रल, मुंबईचा. टिन म्हणजे पत्रा आणि कॅथीड्रल म्हणजे मोठं चर्च, हे ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं. त्यानंतर काही शिकवलं नाही. त्या चौघांचा एकही कार्यक्रम ह्यांनी सोडला नाही. मुंबई, पुणे, थेट बंगलोर. हे जगाला सांगतात, "मी सगळे पाहिले." मी शेजारच्या खुर्चीवर बसून तेवढेच पाहिले, ते कुणी विचारत नाही.

आणि मला ते आवडायचं. ढोल वाजवणारा डावखुरा होता. सात मोजून आठव्याला पाय टाकावा आणि पायरीच नसावी, असा त्याचा ठेका. पेटीवाला चार पेट्यांच्या मधे उभा राहायचा आणि एकच सूर दाबून धरायचा, तो इतका वेळ की खुर्चीखालची जमीन वर आल्यासारखी वाटायची. हे ह्यांना आठवत नाही. ह्यांना कुणी कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता ते आठवतं.

कॅम्पातल्या एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम होता. थंडी होती, माझे हात पदराखाली होते. सगळ्यात लांबलेल्या गाण्याच्या मधोमध ते चौघं थांबायचे. एकदम, हात वर धरून. ती शांतता हा गाण्याचाच भाग. तिच्यात पुढचं गाणं उभं असतं, असं हे म्हणतात, आणि ते खरं आहे. तिथं जो टाळी वाजवतो तो अडाणी. त्या रात्री ती शांतता आली आणि ह्यांनी टाळी वाजवली. मैदान हसलं. गिटारवाला खाली बघून हसला. ह्यांनी हात मांडीवर घेतले, माझ्याकडे वळले आणि चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, अजून संपलं नाही."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून हे चालू आहे. हे चारचौघांत रंगवून सांगतात, "आणि तेवढ्यात आमच्या मंडळींनी वाजवली की टाळी," आणि माझे हात उठतात. भाकरी थापताना झालं तर चालतं, हातात पीठच असतं. विळीवर बसलेली असले की मी आधी कान देते, बाहेर हे कुणाशी काय बोलतायत. माझ्या नणंदेची माती होती. हे अंगणात कुणाला तरी सांगत बसले, आणि मी आत प्रेताच्या उशाशी बसून टाळी वाजवली. नणंदेच्या घरचे अजून आमच्याकडे पाणी पीत नाहीत.

दर रविवारी ह्यांचे मित्र जमतात. सगळे सत्तरीचे. रेकॉर्ड लावतात, आणि एक बाजू संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही, असा त्यांचा नेम. वागळे भावजींची साखर उतरली तरी ते गाणं संपेपर्यंत गप्प बसले आणि संपल्यावर आडवे झाले. बाकीच्यांनी त्याचं कौतुक केलं.

"वहिनी, माणूस असा पाहिजे," एक जण म्हणाला.

"मग घेऊन जा घरी," मी म्हटलं. "मला फरशी पुसायचीय."

ह्यांनी तो किस्सा इतक्या वेळा सांगितला की मैदानातली माणसं आमच्याकडे यायला लागली. आधी दाराबाहेर नुसत्या चपला दिसायच्या. मग माणसं दिसली. खाली पसरलेल्या पँटी, कानांवर केस, गुडघ्यावर घडी केलेले स्वेटर. सोफ्यावर बसली, सोफा भरल्यावर खाली बसली. चहा घेत नाहीत, त्रास देत नाहीत. मी त्यांच्या पायांभोवतीनं झाडते. पण त्यांच्या रांगा मावायला हॉल लांबत गेला. आता स्वयंपाकघरातून निघालेला चहा ह्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर निवतो. हे म्हणतात, "चहा गार झालाय."

इथवर मी सोसलं. मग नात आली.

रेवा माझ्या थोरल्याची मुलगी, पहिलटकरीण, बाळंतपणाला आली. आमच्या घरातलं आणि आमच्या आळीतलं एकही मूल माझ्या पायांवर न्हाल्याशिवाय मोठं झालेलं नाही. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, मूल नडगीवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, कढत पाण्याचा तांब्या पाठीवरून सोडायचा. माझे हात बघायला बाया दारात उभ्या राहायच्या. रेवाचं बाळ अजून बारशाचंही नव्हतं. मी त्याला पायांवर घेतलं होतं, आणि बाहेर हे फोनवर कुणाला तरी सांगत होते.

माझे हात उठले. टाळी वाजली. बाळ तेलानं निसटलं आणि माझ्या दोन पावलांच्या बेचक्यात अडकलं. त्याला काही झालं नाही. ते रडलंसुद्धा नाही. पण रेवानं पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाईनं मालीशवाली लावली. रोहिणी, रेवाची आई. मला न विचारता.

"आई, तुमचं वय झालं," ती म्हणाली.

"वय माझं झालंय, हात कुणाचे झालेत ते सासऱ्यांना विचार."

मालीशवाली बाळाला परातीतल्या कणकेसारखं मळायची. मी दारात उभी राहून बघायची. माझ्याच घरात, माझ्याच मोरीच्या दारात, बाहेरची बाई असल्यासारखी.

मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले. जाईस्तोवर तीन रांगा ओलांडाव्या लागल्या.

"टाळी कुणी वाजवली?" मी विचारलं.

"तू."

"पुन्हा विचार करा."

"अगं, मला तसंच आठवतं. तुझ्या बांगड्या वाजलेल्या अजून कानात आहेत."

"काचेच्या होत्या. टाळीत एकही फुटली नाही ती कशी?"

हे म्हणाले, "इतकी वर्षं झाली. आता काय फरक पडतो कुणाची होती?"

"मग तुमची म्हणून सांगा."

"हसतील लोक."

एवढंच बोलले. शेजारी बसलेल्या स्वेटरवाल्यानं तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं.

त्याच आठवड्यात मृण्मयी नावाच्या एका मुलीचा फोन आला. जुन्या कार्यक्रमांच्या आठवणी ती रेकॉर्ड करते म्हणे, आणि ह्यांच्याइतकं पाहिलेलं दुसरं कुणी जिवंत नाही. हे दोन दिवस दाढी करत होते. मीच तिला फोनवर विचारलं, "किती लोक ऐकतील हे?"

"जगभर, आजी. कुणीही, कधीही बटण दाबलं की ऐकू येईल."

मी फोन ठेवला आणि हातांकडे बघितलं. जपानातला कुणी पहाटे उठून बटण दाबणार, कुणी बसमध्ये दाबणार, कुणी मी मेल्यावरही दाबणार. चितेवर माझे हात उठणार. आणि तोवर ह्या घरात मला कुणी मूल देणार नाही.

मृण्मयी यायची त्या दिवशी सकाळी मालीशवाली आली नाही. बाळ रडून लाल झालेलं. रोहिणी औषधं आणायला गेलेली. रेवाच्या अंगात ताप, उभं राहवत नव्हतं. ती बाळ घेऊन माझ्याकडे आली आणि तिनं माझ्या हातांकडे बघितलं.

"आजी, तूच घाल," ती म्हणाली. "पण आजोबांना सांग."

मी ह्यांना सांगितलं. "आंघोळ होऊन बाळ आईच्या कुशीत जाईपर्यंत तो किस्सा तोंडातून काढायचा नाही. बाकी काय वाट्टेल ते बोला."

"हं," हे म्हणाले.

"हं नको. शब्द द्या."

"दिला."

मी पाटावर बसले. बाळाला पायांवर घेतलं तशी ते गप्प झालं. माझे हात माझेच होते. पाठ, खांदे, मानेची घडी, तळपाय. कितीतरी दिवसांनी मला कुणाचाही राग आला नव्हता. एवढ्यात बाहेर दार वाजलं. मृण्मयी ठरल्या वेळेआधी आली होती. तिचं बोलणं मला मोरीत स्पष्ट ऐकू येत होतं.

"आजोबा, आपण नंतर सुरू करू. आत्ता फक्त आवाज तपासायचाय. काहीही बोला."

आणि ह्यांच्याजवळ बोलायला दुसरं काय आहे. त्यांनी घसा साफ केला. "कॅम्पातलं मैदान होतं," ते म्हणाले. "थंडी होती."

मी बाळाला उचललं. ठेवायला म्हणून बाजूला वळले, तर मोरीत गवत उगवलं होतं. दुपट्याच्या जागी कुणाचे तरी बूट होते. भिंत मागे सरकली आणि तिच्या जागी रांगा आल्या. रेवाच्या खोलीचं दार रांगांच्या पार टोकाला, शेंगदाण्याएवढं दिसत होतं. मी बाळाला दोन्ही तळव्यांवर धरून चालायला लागले. ते तेलानं आणि पाण्यानं निसरडं होतं, आणि खाली सगळीकडे पाय होते.

"धरा कुणीतरी ह्याला," मी म्हटलं.

कुणी धरलं नाही. गाणं चालू होतं. वागळे भावजी दुसऱ्या रांगेत होते, तरुण, भरपूर केस असलेले. मी त्यांच्या पुढ्यात बाळ धरलं.

"भावजी, एवढं घ्या."

त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. बाजू संपली नव्हती. मृण्मयीसुद्धा मांडी घालून बसली होती, हातातला माईक पुढे धरून, हलत नव्हती. चालता चालता मला ठेका ऐकू आला, सात आणि मग नसलेली पायरी. मी तो मोजत गेले. मोजला नसता तर पडले असते. पेटीवाल्यानं सूर दाबून धरला तशी जमीन वर आली, मी तिच्याबरोबर वर गेले आणि ह्यांच्या रांगेत पोचले.

हे खुर्चीत बसले होते. केस काळे, कल्ले लांब, आवाज मात्र आत्ताचा. शेजारची खुर्ची रिकामी होती. माझी. मी बसले नाही. त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड बोलतच राहिलं. म्हातारी जीभ, वाट पाठ झालेली.

"आणि मग ते थांबले," हे म्हणाले.

ते थांबले. चौघंही, हात वर धरून. डावखुऱ्याची काठी हवेत होती. मैदानात कुणी खोकलंही नाही. त्या शांततेत बाळाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आणि तेवढ्यात शेजारून," हे म्हणाले, आणि अडखळले.

माझे तळवे एकमेकांपासून सरकायला लागले होते. आधी करंगळ्या सुटल्या. बाळाची पाठ मधे खाली झुकली आणि त्यानं डोळे उघडले. ह्यांचे हात मांडीवर होते, कोरडे, रिकामे. चार रांगा माझ्याकडे वळल्या. माईकचा लाल दिवा चालू होता. टाळी कुणाची, त्या पुढच्या शब्दासाठी ह्यांचे ओठ उघडे होते आणि त्यातून तो अजून बाहेर आला नव्हता. मी आवाज चढवला नाही. तरी मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल.

"दिगंबर थोपटे," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचं नाव घेतलं. "तुम्ही वाईट नाही, भित्रे आहात. आणि भित्र्या माणसानं एवढं मोठं मैदान घरात आणलंय, की मूल खाली ठेवायला जागा उरली नाही."